तिखाडीचे तेल आणि आपली जबाबदारी

(माजरी येथे सेवाकार्याच्या सहायकांच्या मेळाव्यात केलेले भाषण, वाचकांसाठी थोडे संक्षिप्त करून.)



वर्षभराचा अहवाल सचिवांनी वाचून दाखवलाच आहे. वसतिगृह, शिवणवर्ग, आरोग्यफेऱ्या, सगळे त्यात आले. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला आज एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे, कारण तो प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांनी मला वेगवेगळ्या वेळी विचारला आहे. नाताळच्या विक्रीत महिला गटाचा मध, मोहफुलांचे लाडू आणि बांबूच्या टोपल्या हातोहात गेल्या. तेव्हा एक काकू म्हणाल्या, "ताई, त्या बायांकडे तिखाडीचं तेल असतं ना? गुडघ्याला फार चांगलं. बाटल्यांत भरून, वर 'जंगलातले औषध' असं लिहून का नाही विकत? चार पैसे मिळतील बिचाऱ्यांना." दुसऱ्या एका भावांनी तर तेल काढायच्या भट्टीसाठी देणगी देण्याची तयारी दाखवली.

त्या दोघांचेही मन प्रेमाचे आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही मी लगेच होकार दिला नाही. का दिला नाही, ते आज सविस्तर सांगते.

तिखाडी म्हणजे रोशा गवत, हे इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मोकळ्या, कोरड्या रानात ते उगवते. पान चुरगाळले की गुलाबासारखा, थोडा तिखट वास येतो. पावसाळा संपला, फुलोरा आला की गवत कापायचे, भट्टीत वाफ द्यायची आणि वाफेबरोबर येणारे तेल थंड करून वेगळे करायचे. हा धंदा नवा नाही. इंग्रजांच्या काळात खानदेश, निमाड आणि मध्य प्रांतातले रोशा तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानपर्यंत जात असे आणि तिथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. म्हणजे आपल्या रानातल्या गवताचा वास दूरच्या राजवाड्यांत दरवळला, पण गवत कापणाऱ्याच्या घरात त्यातले किती आले, हे आपण ओळखू शकतो.

आता या तेलाविषयी पहिली गोष्ट समजून घेऊ. आपण रोज वापरतो ते तिळाचे, जवसाचे, करडईचे तेल आणि हे तेल यांचे नाव एक, जात वेगळी. जवसाचे तेल कागदावर सांडले तर डाग कायम राहतो. तिखाडीचे तेल काही वेळाने उडून जाते. ते वनस्पतीचा गंध आहे, गाळून गाळून एकवटलेला. गवत चांगले असेल तर ताज्या शंभर किलोतून अर्धा किलोच्या आसपास तेल निघते. म्हणजे चमचाभर तेलात किलोभर गवताचा कस असतो. आपली आजी गवताची मूठभर पाने पाण्यात उकळून त्या पाण्याने पाय शेकते, तो एक उपाय झाला. त्याच गवताचे निव्वळ तेल बाटलीतून हातावर ओतणे हा अगदी वेगळा उपाय झाला. "आमच्या पूर्वजांनी हजार वर्षे वापरले" हे वाक्य पहिल्या उपायाला लागू पडते, दुसऱ्याला आपोआप लागू पडत नाही.

याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याविषयी सांगितले आहे, आणि चांगल्या शोमरोन्याने जखमेवर तेल ओतले हेही आपण जाणतो. ते तेल जैतुनाच्या फळांचे, खाण्याचे तेल. त्या वचनांचा आधार घेऊन कुणी गाळलेले सुगंधी तेल जखमेवर ओतू नये, एवढे मी नम्रपणे सांगते.

हे मी पुस्तकातून वाचून घाबरले म्हणून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या आरोग्यफेरीच्या एका गावात दीड-दोन वर्षांच्या मुलाला सर्दी झाली. आजीने बाजारातून आणलेल्या, कापूर घातलेल्या मालिशच्या तेलाचे थोडे थेंब त्याला साखरेवर पाजले. छातीला लावून आराम पडतो, तर पोटात गेल्यावर जास्त आराम पडेल, असा तिचा साधा हिशेब. थोड्याच वेळात मुलाला झटके आले. आशाताईंनी धावपळ करून वाहन मिळवले, मूल दवाखान्यात पोहोचले आणि देवाच्या कृपेने वाचले. कापूर पोटात गेल्यावर लहान मुलांना झटके येतात, हे वैद्यकशास्त्राला फार दिवसांपासून ठाऊक आहे. अमेरिकेत तर १९८३ पासून अंगाला लावायच्या औषधातही अकरा टक्क्यांहून जास्त कापूर घालायला मनाई आहे. निलगिरीच्या तेलाचेही तसेच, ते पोटात जाता कामा नये. पण त्या आजीला हे कुणी सांगितले होते? बाटलीवर बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिले होते. आजीला मराठीही वाचता येत नव्हते.

२ राजे, चौथ्या अध्यायातली गोष्ट आठवा. गिलगालात दुष्काळ पडला होता. अलीशाने संदेष्ट्यांच्या शिष्यांसाठी मोठे भांडे चुलीवर ठेवायला सांगितले. एक जण रानात भाजी आणायला गेला, त्याला रानटी वेल दिसला, त्याने ओटा भरून फळे आणली आणि चिरून भांड्यात टाकली. ती फळे कसली, कुणाला ठाऊक नव्हते. जेवायला बसल्यावर माणसे ओरडली की या भांड्यात मरण आहे. मला या गोष्टीत तो फळे आणणारा माणूस नेहमी दिसतो. तो दुष्ट नव्हता. भावांना खायला मिळावे म्हणून उन्हात रान तुडवून आला होता. त्याचा हेतू शुद्ध होता, माहिती अपुरी होती, आणि रानातले, देवाने उगवलेले, ते चांगलेच असणार असे त्याने धरून चालले. आपण सेवाकार्य करणारी माणसे बऱ्याचदा त्याच्याच जागी उभी असतो.

मग करायचे काय? तेल काढूच नये का? तसे मुळीच नाही. करायचे ते असे की माणसाला देण्याआधी पारख करायची. ही पारख आज कशी होते, तिची पहिली पायरी मी तुम्हाला सांगते. मी शास्त्रज्ञ नाही, माझे शिक्षण समाजकार्याचे आणि धर्मशास्त्राच्या पदविकेचे. पण एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आपल्याच मंडळीतल्या मुलीने मला हे बसवून समजावले, आणि मला कळले ते तुम्हालाही कळेल.

माणसाच्या शरीरातल्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात वाढवता येतात. त्यांना गुलाबीसर द्रवात अन्न द्यावे लागते आणि शरीराइतकीच, म्हणजे ३७ अंशांची ऊब द्यावी लागते. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे अशा पेशींचा साठा जपून ठेवतात आणि देशभरच्या संशोधकांना पुरवतात. कुणाला त्वचेवर काय होईल ते पाहायचे असते, तर तो त्वचेच्या पेशी घेतो. यकृतावर काय होईल ते पाहायचे असेल, तर यकृताच्या.

मग हाताच्या पंजाएवढी एक चपटी प्लेट घेतात. तिला ९६ छोटे खळगे असतात. प्रत्येक खळग्यात हजारो पेशी. एका ओळीत तेल अगदी पातळ करून घालतात, पुढच्या ओळीत थोडे जास्त, त्यापुढे आणखी जास्त. एका ओळीत तेल घालतच नाहीत, ती तुलनेसाठी. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून ते आधी दुसऱ्या एका द्रवात विरघळवावे लागते. मग तो द्रवच पेशी मारत नाही ना, हे पाहायला त्याचीही वेगळी ओळ ठेवतात. शिवाय हे तेल उडणारे. एका खळग्यातली वाफ शेजारच्या खळग्यात जाऊन तिथल्या पेशी मारू शकते, म्हणून प्लेट नीट बंद करावी लागते. इतकी बारीक काळजी घेतली नाही तर निकाल खोटा येतो.

एक दिवस थांबतात. मग त्यात एक पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी ते पिवळे रसायन पचवून जांभळे करते. मेलेली पेशी काही करत नाही, खळगा पिवळाच राहतो. जांभळा रंग जितका गडद, तितक्या जास्त पेशी जिवंत. यंत्र तो रंग मोजून आकडा देते. ही पद्धत १९८३ साली प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते. वैद्यकीय साधनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात असे धरतात की शंभरातल्या सत्तरांपेक्षा कमी पेशी जगल्या, तर ती वस्तू पेशींना विषारी.

इथे बसलेल्या भावांपैकी कितीतरी जण वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये नोकरीला आहेत किंवा होते. त्यांना हे एका वाक्यात कळेल. पूर्वी विलायतेतल्या कोळशाच्या खाणीत माणसांबरोबर पिंजऱ्यातला छोटा कॅनरी पक्षी नेत. विषारी वायू असला तर पक्षी आधी कोसळे आणि माणसे मागे फिरत. १९८६ पर्यंत ही पद्धत तिथे होती, मग यंत्रे आली. खाणीत उतरण्याआधी वायूची तपासणी झाली नाही तर तुम्ही आपल्या मुलाला खाली पाठवाल का? प्लेटमधली पेशी हेच काम करते. माणसाने ओरडायच्या आधी ती ओरडते. भांड्यातले मरण तोंडापर्यंत येण्याआधीच कळते.

आता तुम्ही विचाराल, तिखाडीच्या तेलाची अशी पारख कुणी केली आहे का? केली आहे. कलकत्ता विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली चार गवतांची तेले तपासली: रोशा म्हणजे आपली तिखाडी, सिट्रोनेला, गवती चहा आणि वाळा. त्यांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतल्या. तेलाने त्या मरतात का, हे एक पाहिले. जगलेल्या पेशींच्या आतल्या आनुवंशिक धाग्याला, डीएनएला, इजा होते का, हेही पाहिले. या दुसऱ्या कसोटीला धूमकेतूचे नाव आहे, कारण धागा तुटलेला असला तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला धूमकेतूसारखी शेपटी दिसते.

निकाल काय आला? जास्त प्रमाणात चारही तेलांनी पेशी मारल्या आणि डीएनएला इजा केली. कमी प्रमाणात मात्र त्यांनी ती तेले सुरक्षित मानली. बंधुभगिनींनो, दोन्ही वाक्ये सारखीच महत्त्वाची आहेत. पहिलेच वाक्य ऐकले तर आपण घाबरून आदिवासी बाईचे तेल फेकून देऊ. दुसरेच ऐकले तर बाटलीभर तेल निर्धास्त अंगाला चोळू. सत्य प्रमाणात आहे. पेशींच्या कसोटीने मिळते ते मुख्यतः हेच: किती?

आणखी एक उदाहरण घरातले. दात दुखला की आपण लवंगेचे तेल लावतो. लंडनमधल्या संशोधकांनी २००६ साली ते माणसाच्या त्वचेच्या पेशींवर तपासले, तेव्हा ०.०३ टक्के इतक्या कमी प्रमाणातही ते पेशींना मारक ठरले. दहा हजार थेंबांत तीन थेंब! याचा अर्थ लवंग विष आहे असा नाही. प्लेटमधल्या पेशीच्या अंगावर कातडीचे संरक्षक थर नसतात, ती उघडी असते. पण हिरडीची जखम, भाजलेली जागा, तान्ह्या बाळाचे नाजूक अंग, तेही जवळजवळ उघडेच असते. म्हणून निव्वळ तेल तिथे लावू नये, हा धडा घ्यायचा.

आणि वेखंड. आपल्या घरोघरी बाळगुटीत वेखंड असते, न्हाऊ घातल्यावर बाळाच्या टाळूला वेखंडाची पूड लावतात. वेखंडाच्या जाती सगळीकडे सारख्या नाहीत. अमेरिकेतल्या रानवेखंडात असॅरोन नावाचे द्रव्य नसतेच, युरोपातल्यात थोडे असते आणि आपल्या हिंदुस्थानी वेखंडाच्या तेलात तेच सर्वांत जास्त असते. उंदरांना हे तेल खाऊ घातल्यावर गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ साली अन्नात वेखंड घालायला बंदी केली. सहाणेवरचा एक वळसा आणि बाटलीतले तेल यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे मी आधीच म्हटले. तरी आशाताई जे सांगतात तेच मीही सांगते: पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको. आणि वेखंडाचे गाळलेले तेल बाळाच्या तोंडात कधीही नको.

आता या कसोटीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी अर्धे सत्य सांगितल्यासारखे होईल. प्लेटमधल्या पेशीला ना यकृत असते, ना मूत्रपिंड, ना पोटातले बाळ. एखादे तेल लावून आठ दिवसांनी अंगावर पुरळ येईल का, हे त्या जांभळ्या रंगावरून कळत नाही. तिखाडीच्या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल आहे आणि काही माणसांना त्याची अ‍ॅलर्जी होते. म्हणूनच युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर त्याचे नाव छापणे बंधनकारक केले आहे. शिवाय तिखाडीच्याही दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला सारख्या, पण तेल वेगळे. त्यामुळे कलकत्त्यात तपासलेले तेल चांगले निघाले म्हणून आपल्या भट्टीतले तेल आपोआप चांगले ठरत नाही. आधी वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराने गवत ओळखायचे, मग तेलातले घटक मोजायचे, मग पेशींवर पाहायचे, मग जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लोकांची संमती घेऊन, त्वचेवर. पेशी हा पहिला दरवाजा आहे. तिथेच जे अडले, त्याला पुढे जाऊ द्यायचे नाही.

संमती हा शब्द मी मुद्दाम वापरला. जगात सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या मानवी पेशींना हेला म्हणतात. हे नाव एका बाईच्या नावावरून आले आहे: हेन्रिएटा लॅक्स. अमेरिकेतली गरीब कृष्णवर्णीय बाई, तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेताना तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्याच वर्षी, एकतिसाव्या वर्षी, ती वारली. पेशी मात्र वाढत राहिल्या. पोलिओची लस तपासताना त्या कामी आल्या, असंख्य औषधांसाठी कामी आल्या. घरच्यांना वीसेक वर्षे पत्ता नव्हता. तिच्या पेशींवर कंपन्यांनी पैसा मिळवला आणि तिच्या घरच्यांना दवाखान्याचा खर्च परवडत नव्हता. २०२३ साली, म्हणजे बहात्तर वर्षांनी, एका कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली.

मी ही कथा सांगते, कारण आपल्या आदिवासी भगिनींच्या बाबतीत हेच घडू शकते. कोणते गवत कुठल्या नक्षत्रानंतर कापायचे, कोणत्या उतारावरचे चांगले, कोणते गुरांना द्यायचे नाही, हे ज्ञान त्या गावच्या आजीचे आहे. डॉक्टर राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या बायांकडून झाडांचे असेच ज्ञान ऐकून 'गोईण' हे पुस्तक लिहिले. गोईण म्हणजे मैत्रीण. मैत्रिणीकडून घेतलेले मैत्रिणीचे नाव सांगून घ्यायचे असते. प्रयोगशाळेत एखादे तेल उत्तम ठरले आणि दुसऱ्याच कुणी त्याचा धंदा केला, तर आपण तपासणी करून आजीचे भले केले की तिचे ज्ञान गमावले?

केरळातले एक उदाहरण आशा देते. तिथल्या कानी आदिवासींनी संशोधकांना १९८७ साली आरोग्यपच्चा नावाची वनस्पती दाखवली. डोंगर चढताना थकवा येऊ नये म्हणून ते तिची फळे खात. संशोधन संस्थेने त्यापासून औषध तयार केले, १९९५ साली एका कंपनीला दहा लाख रुपयांना बनवण्याचा परवाना दिला आणि मिळणाऱ्या पैशातला अर्धा वाटा कानी लोकांसाठी ठेवला. पुढे अडचणीही पुष्कळ आल्या. पण ज्ञान देणाऱ्याला वाटा द्यायचा असतो, हे तिथे मान्य झाले. आपल्या देशात २००२ पासून जैवविविधता कायदा आहे. गावाची जैवविविधता समिती आपल्या वनस्पतींची आणि त्यांच्या उपयोगांची नोंदवही ठेवू शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पतींसह गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने तर २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून देशाला रस्ता दाखवला. म्हणजे आपण काही आकाशातून तारे मागत नाही. कायदा आहे, उदाहरण आहे, बसून करणारी माणसे हवीत.

एवढे ऐकल्यावर काकूंच्या प्रश्नाचे उत्तर देते. गटातल्या बायांशी आणि ग्रामसभेशी बोलून आम्ही असे ठरवले आहे.

पहिली गोष्ट, औषध म्हणून आपण काहीही विकणार नाही. 'गुडघेदुखी बरी होते' असे बाटलीवर लिहायला परवाना लागतो. परवान्याशिवाय तसे लिहिणे बेकायदा आहेच, आणि गरिबाच्या दुखण्यावर खोटी आशा विकणे हे पापही आहे. तेल सुगंधासाठी, साबण बनवणाऱ्यांना घाऊक विकता येते. त्यात पैसा थोडा कमी, पण तो स्वच्छ.

दुसरी, तेल काढण्याआधी त्या गवताची आणि उपयोगांची नोंद गावाच्या नोंदवहीत, सांगणाऱ्या आजींच्या नावासह, होईल. ते काम सुरू झाले आहे.

तिसरी, पहिल्या हंगामाचे तेल घटक मोजण्यासाठी आणि पेशींवरच्या तपासणीसाठी पाठवू. नमुना कुणाचा, निकाल कुणाचा, हे आधी लेखी ठरेल. निकाल प्रथम ग्रामसभेत, गोंडीत आणि मराठीत, वाचला जाईल. वाईट आला तरी वाचला जाईल.

चौथी, आमच्या आरोग्यफेऱ्यांत आता प्रत्येक घरी एक गोष्ट सांगितली जाते: वासाचे कुठलेही तेल मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नका, पाजू नका, निव्वळ लावू नका. वाचता न येणाऱ्यांसाठी बाटलीला लाल दोरा बांधायची कल्पना एका आशाताईंची. लाल दोरा म्हणजे तोंडात नाही. कापराच्या तेलाच्या बाटलीला, निलगिरीच्या बाटलीला, सगळ्यांना. दोऱ्याला पैसे लागत नाहीत, आणि आज संध्याकाळी तुम्ही आपल्या घरीही तो बांधू शकता.

भट्टीसाठी देणगी द्यायची तयारी दाखवलेल्या भावांना माझी विनंती अशी की ती देणगी जरूर द्यावी, पण तिचा पहिला भाग तपासणीसाठी आणि नोंदवहीसाठी वापरू द्यावा. मला ठाऊक आहे, भट्टीवर दात्याचे नाव लिहिता येते, तपासणीच्या कागदावर लिहिता येत नाही. भट्टीचा फोटो आपल्या या त्रैमासिकात छापता येतो. जांभळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या प्लेटचा फोटो पाहून कुणाचे मन भरून येत नाही. तरी दानातला हा न दिसणारा भागच एखाद्या लेकराला झटके येण्यापासून वाचवतो.

कुणी म्हणेल, इतकी काळजी कशाला, त्या लोकांना तर सवय आहे. हे वाक्य मला सर्वांत जास्त बोचते. आपल्या मुलासाठी औषध घेताना आपण बाटलीवरची मुदत वाचतो, दुकानदाराला दोनदा विचारतो. भामरागडच्या मुलासाठी तोच प्रश्न विचारला जात नसेल, तर आपल्या मनात दोन तराजू आहेत. देवाच्या तराजूत दोन्ही मुले एकाच वजनाची आहेत. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिले की सर्व गोष्टींची पारख करा आणि जे चांगले ते घट्ट धरा. आपण बहुतेक वेळा संदेशांची, शिकवणीची पारख करतो. मी म्हणते, दानाचीही पारख करा. प्रेमाने दिलेली वस्तूही तपासून द्या, कारण ज्याला ती देतो तो नाही म्हणू शकत नाही.

या दिवाळीनंतर तिखाडीला पुन्हा फुलोरा येईल. बाया विळे घेऊन रानात जातील. त्यांच्या हातांसाठी, तिथल्या साप-किरड्यापासून रक्षणासाठी, आणि आपल्या कामात घाईऐवजी शहाणपण यावे म्हणून प्रार्थना करा. जे भाऊ-बहिणी तपासणीच्या खर्चात वाटा उचलू इच्छितात, त्यांनी उपासनेनंतर सचिवांकडे नाव द्यावे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो. सलाम.